मताची किंमत कशी मोजायची: ब्रिटनमधल्या निवडणूक सुधारणेवर बोलण्याआधी करायचा हिशेब

ब्रिटनच्या निवडणूक पद्धतीवर गप्पा निघाल्या की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, 'ही पद्धत अन्यायाची आहे.' दोन, 'पण सरकार तरी स्थिर मिळतं.' एवढ्यावर चर्चा थांबते, कारण अन्याय नेमका कुठे होतो हे कुणी मोजलेलं नसतं. उमेदवाराला अर्ध्याहून कमी मतं असताना तो निवडून येतो हे एक दुखणं. पक्षाला देशभर मतं मिळूनही जागा मिळत नाहीत हे दुसरं. मतदारसंघ लहानमोठे असतात हे तिसरं. तिन्हींची औषधं वेगवेगळी आहेत. म्हणून आधी कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. तासाभराचं काम आहे.

सुरुवात आपल्या मतदारसंघापासून

आपल्या मतदारसंघाचा शेवटचा निकाल स्थानिक कौन्सिलच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक उमेदवाराची मतं एकाखाली एक लिहा आणि बेरीज करा. ही झाली वैध मतं. टक्केवारी नेहमी याच आकड्यावर काढायची. बहुतेकांची चूक इथेच होते: विजेत्याची टक्केवारी वैध मतांवर काढतात, हरलेल्यांची नोंदणीकृत मतदारांवर, आणि मग दोन्हींची तुलना करत बसतात. मतदानाला न आलेल्यांचा प्रश्न वेगळा आहे, तो वेगळ्या ओळीत लिहा.

आता तीन आकडे काढा. विजेत्याची टक्केवारी, हरलेल्या सगळ्यांची एकूण मतं, आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर.

जुलै २०२४ मधला साउथ वेस्ट नॉरफोक मतदारसंघ घ्या. मजूर पक्षाचे टेरी जर्मी यांना ११,८४७ मतं, माजी पंतप्रधान लिझ ट्रस यांना ११,२१७, रिफॉर्म यूके या पक्षाच्या उमेदवाराला ९,९५८. मताधिक्य ६३०. जर्मी यांची टक्केवारी २६.७, त्या निवडणुकीतल्या सगळ्या विजेत्यांत सर्वांत कमी. म्हणजे मत द्यायला आलेल्या चौघांपैकी जवळपास तिघांनी दुसऱ्या कुणाला तरी मत दिलं होतं. यात जर्मी यांची काहीच चूक नाही. नियमच असा आहे की सर्वांत पुढे असलेला जिंकतो, मग तो कितीही थोडा पुढे असो. याला 'फर्स्ट पास्ट द पोस्ट' म्हणतात.

त्याच रात्री लंडनच्या हेंडनमध्ये मजूर पक्ष १५ मतांनी जिंकला. तिथे एका इमारतीतली माणसं मतदानाला गेली असती, तर खासदार बदलला असता. याउलट एखाद्या बालेकिल्ल्यात वीस हजारांचं मताधिक्य असेल, तर त्यातलं बहुतेक मत निकाल न बदलता जमा होतं. तुमच्या मताला किती वजन आहे हे तुमच्या पत्त्यावर ठरतं. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत खुपणारी गोष्ट हीच, आणि सर्वांत कमी बोललं जातं तेही हिच्याबद्दलच.

देशाचा हिशेब

२०२४ मध्ये ६५० जागांपैकी मजूर पक्षाला ४११ मिळाल्या, मतं सुमारे ९७ लाख, म्हणजे ३३.७ टक्के. हुजूर पक्षाला ६८ लाख मतांवर १२१ जागा. लिबरल डेमोक्रॅट्सना ३५ लाख मतांवर ७२. रिफॉर्म यूकेला ४१ लाख मतं मिळूनही ५ जागा, आणि ग्रीन पक्षांना १९ लाखांवर ४.

मतांना जागांनी भागा. मजूर पक्षाला एका खासदारामागे साधारण २३,६०० मतं लागली, हुजूर पक्षाला ५६,४००, लिबरल डेमोक्रॅट्सना ४९,०००, ग्रीनना ४ लाख ८६ हजार, रिफॉर्म यूकेला ८ लाखांच्या वर. हे आकडे भाषणात गाजतात, पण एकटे वापरू नका. पाचऐवजी दहा जागा आल्या असत्या तर भागाकार लगेच निम्मा झाला असता. जागा कमी असल्या की हा आकडा फार उड्या मारतो.

भरवशाचं माप म्हणजे गॅलाघर निर्देशांक: मतं आणि जागा यांतली तफावत एका आकड्यात सांगणारं माप. प्रत्येक पक्षाची मतांची टक्केवारी आणि जागांची टक्केवारी यांतला फरक काढा. त्या फरकाचा वर्ग करा. सगळे वर्ग मिळवा, निम्मे करा आणि वर्गमूळ काढा. मजूर पक्षाच्या जागा ६३.२ टक्के, मतं ३३.७. फरक २९.५, वर्ग ८७०. रिफॉर्म यूकेचा फरक १३.५, वर्ग १८२ च्या आसपास. ग्रीनचा ३७, हुजूर पक्षाचा २६. उरलेले पक्ष मिळून दोनतीन. बेरीज साधारण १,१२०, निम्मे ५६०, वर्गमूळ २३.७. शून्य म्हणजे मतं तितक्या जागा. २३.७ हा फार मोठा आकडा आहे.

इथे दोन खड्डे आहेत. 'इतर' नावाची एकच ओळ करून सगळे छोटे पक्ष त्यात कोंबले तर निर्देशांक चुकतो. दुसरा खड्डा मोठा आहे: ३३.७ टक्के मतांना २१९ जागा आणि १४.३ टक्क्यांना ९३ असा सरळ गुणाकार करून 'खरा निकाल' जाहीर करणं. पद्धत बदलली की मतदारही बदलतात. आज कित्येक जण आवडत्या पक्षाला सोडून नावडत्याला पाडण्यासाठी मत देतात. ते तसं का करतील, जर मत वाया जाणार नसेल? त्यामुळे या गुणाकाराकडे फक्त अंदाज म्हणून बघा.

आणि हे दुखणं एकाच पक्षाचं नाही. १९५१ मध्ये मजूर पक्षाला हुजूर पक्षापेक्षा जास्त मतं मिळाली आणि सत्ता हुजूर पक्षाला. फेब्रुवारी १९७४ मध्ये नेमकं उलटं झालं. १९८३ मध्ये लिबरल आणि सोशल डेमोक्रॅट आघाडीला २५.४ टक्के मतांवर २३ जागा, तर मजूर पक्षाला २७.६ टक्क्यांवर २०९. २०१५ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीला (एसएनपी) देशातली ४.७ टक्के मतं आणि ५६ जागा, यूके इंडिपेंडन्स पार्टीला (यूकिप) १२.६ टक्के आणि १ जागा. मतं एका भागात एकवटलेली असली की ही पद्धत देते, विखुरलेली असली की घेते. वाद घालताना आपल्या नावडत्या पक्षावर झालेल्या अन्यायाचंही उदाहरण द्या. समोरचा मग ऐकतो.

दुखणं ओळखलं, आता औषध

साउथ वेस्ट नॉरफोकसारखा निकाल खुपत असेल तर पर्यायी मत हा उपाय आहे: उमेदवारांना १, २, ३ असा पसंतीक्रम द्यायचा, आणि कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळेपर्यंत शेवटचा उमेदवार बाद करत त्याची मतं पुढच्या पसंतीकडे द्यायची. पण देशाच्या पातळीवर मतं आणि जागा यांचा मेळ याने बसत नाही. कधी तफावत वाढतेही. मे २०११ च्या सार्वमतात ६७.९ टक्के लोकांनी हा पर्याय नाकारला. 'लोकांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्व (मतांच्या प्रमाणात जागा) नाकारलं' असं कुणी म्हणालं तर इथेच थांबवा. त्या मतपत्रिकेवर तो प्रश्न नव्हताच.

पक्षांच्या जागा मतांच्या प्रमाणात हव्या असतील तर स्कॉटिश पार्लमेंटची मिश्र पद्धत बघा. १२९ पैकी ७३ जण मतदारसंघातून, ५६ जण पक्षांनी विभागवार दिलेल्या उमेदवारांच्या यादीतून. मतदाराला दोन मतं. 'दुसरं मत म्हणजे दुसरी पसंती' हा गैरसमज इतका पसरलेला आहे की दरवेळी सांगावं लागतं: विभागीय मत स्वतंत्र आहे आणि एकूण संख्याबळ मुख्यतः त्यावर ठरतं.

ग्लासगो विभागाची २०२१ ची मोजणी हाताने करून बघा, पद्धत पक्की डोक्यात बसते. यादीच्या जागा ७. विभागीय मतं: एसएनपी १,३३,९१७, मजूर ७४,०८८, हुजूर ३७,०२७, ग्रीन ३६,११४. एसएनपीने विभागातले नऊही मतदारसंघ जिंकले होते. नियम असा की पक्षाची मतं भागायची ती 'आधी मिळालेल्या जागा अधिक एक' याने. म्हणून एसएनपीचा भागाकार पहिल्या फेरीतच १० ने: १३,३९१. पहिली जागा मजूर पक्षाची, कारण ७४,०८८ सर्वांत मोठा. आता त्याचा भाजक २ होतो, ३७,०४४. तरीही तोच पुढे, हुजूर पक्षापेक्षा फक्त १७ ने. दुसरी जागाही त्याचीच. तिसरी हुजूर, चौथी ग्रीन, पाचवी मजूर २४,६९६ वर, सहावी मजूर १८,५२२ वर. सातव्या जागेसाठी हुजूर पक्षाचा अर्धा आकडा १८,५१३ आणि ग्रीनचा १८,०५७. जागा हुजूर पक्षाला. ग्रीनला आणखी ९१४ मतं मिळाली असती तर चित्र पालटलं असतं. आणि त्याच मतपत्रिकेवर इंडिपेंडंट ग्रीन व्हॉइस नावाचा वेगळाच पक्ष होता, त्याला दोन हजारांवर मतं पडली. त्यातली किती चुकून पडली ते कुणालाच सांगता येणार नाही, पण मतपत्रिकेवरच्या नावांचे नियम हाही निवडणूक सुधारणेचाच भाग आहे.

मोजणी करताना नऊ जागा विसरून एसएनपीला १ ने भागलंत तर सगळंच बिघडेल. ही चूक पहिल्यांदा करणाऱ्याकडून हमखास होते.

वेल्सने मे २०२६ पासून मिश्र पद्धत सोडली: ९६ सदस्य, १६ मतदारसंघ, प्रत्येकी ६ जागा, सगळं यादीवर. सातव्या हिश्शाहून, म्हणजे १४.३ टक्क्यांहून, जास्त मतं असली की एक जागा नक्की. यादी मात्र बंद आहे. पक्षाने ठरवलेला क्रम मतदाराला बदलता येत नाही, आणि हे मला पटत नाही.

पक्षाबरोबर माणूसही निवडायचा असेल तर एकल संक्रमणीय मत: एका मतदारसंघातून अनेक जण निवडायचे, उमेदवारांना पसंतीक्रम द्यायचा, आणि जादा मतं पुढच्या पसंतीकडे जातात. उत्तर आयर्लंडच्या विधानसभेत १८ मतदारसंघांतून प्रत्येकी ५ जण असेच निवडले जातात, स्कॉटलंडच्या कौन्सिल २००७ पासून. चार जागांच्या वॉर्डात ६,००० वैध मतं असतील तर कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, असा: जागांत एक मिळवा, मतांना त्याने भागा, अपूर्णांक सोडा, एक मिळवा. ६,००० भागिले ५, अधिक १, म्हणजे १,२०१. एखाद्याला १,६०१ मतं पडली तर ४०० जादा. ही ४०० मतं गठ्ठ्यातून उचलून द्यायची नाहीत, कारण कोणती उचलली यावर निकाल फिरेल. स्कॉटलंडमध्ये सगळ्या १,६०१ मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात, पण प्रत्येकीचं मूल्य ४०० भागिले १,६०१, म्हणजे ०.२४९८४. पाच दशांश स्थळांपुढचं सोडून द्यायचं, वर न्यायचं नाही. ६४० मतपत्रिकांवर दुसरी पसंती एकाच उमेदवाराची असेल तर त्याला १५९.८९७६ मतं मिळतात.

इथे बिघडतं ते मोजणीत नाही, आधीच. मतपत्रिकेवर नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने असतात, आणि एकाच पक्षाचे दोन उमेदवार असले की वरच्याला पहिली पसंती जास्त पडते. पक्ष जास्त उमेदवार उभे करतो आणि पहिल्या पसंतीची मतं वाटली जाऊन दोघेही कोट्यापासून दूर राहतात. मतपत्रिकेची आखणीही महत्त्वाची: २००७ मध्ये स्कॉटिश पार्लमेंटची दोन्ही मतं एकाच कागदावर घेतली आणि १ लाख ४० हजारांवर मतं बाद झाली.

मतदारसंघांची आखणी

२०२० च्या कायद्याप्रमाणे मतदारसंघात सरासरीच्या ५ टक्के वर-खाली इतकेच मतदार असावेत. मतदारसंघांच्या गेल्या फेरआखणीत सरासरी ७३,३९३ होती, मर्यादा ६९,७२४ ते ७७,०६२. बेटांच्या पाच मतदारसंघांना सूट आहे. मोजतात ते नोंदणीकृत मतदार, लोकसंख्या नव्हे. त्यामुळे भाड्याने राहणारे, सतत घर बदलणारे लोक जिथे जास्त, तिथे प्रत्यक्षात एका खासदारावर जास्त माणसं येतात. हरकत नोंदवताना 'अमुक पक्षाला फायदा होईल' असं लिहू नका, मतदारसंघ आखणारा आयोग तो मुद्दा विचारात घेत नाही. शाळा, रस्ते, नदी, बाजारपेठ यांनी जोडलेला परिसर दाखवा, आणि एक वॉर्ड हलवल्यावर शेजारचे दोन्ही मतदारसंघ मर्यादेत राहतात का तो आकडा जोडा. आकड्याशिवायची हरकत सहसा पुढे जात नाही.

मत पोचवणं

ब्रिटनमध्ये कायदेशीर वास्तव्य असलेल्या भारतीय नागरिकाला, राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून, संसदेच्या निवडणुकीतही मत देता येतं. अनेकांना हे वर्षानुवर्षं माहीत नसतं, याचं फार वाईट वाटतं. नोंदणी मतदानाच्या किमान १२ कामाच्या दिवस आधी करा, नॅशनल इन्शुरन्स क्रमांक हाताशी ठेवा. संसदेच्या मतदानाला फोटोचं ओळखपत्र लागतं. भारतीय पासपोर्ट चालतो.

खासदाराला पत्र लिहिताना पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड द्या, नाहीतर तुम्ही त्यांचे मतदार आहात हे कळत नाही आणि पत्र बाजूला पडतं. पहिल्या परिच्छेदात मतदारसंघातले तीन आकडे. दुसऱ्यात एकच दुखणं आणि एकच उपाय. शेवटी हो-नाही उत्तर येईल असा प्रश्न, उदाहरणार्थ: 'डिसेंबर २०२४ मध्ये प्रमाणशीर प्रतिनिधित्वाचं विधेयक मांडण्याची परवानगी १३८ विरुद्ध १३६ मतांनी मिळाली. तुम्ही कोणत्या बाजूला होता, आणि पुन्हा मतदान झालं तर कोणत्या बाजूला असाल?' मतदानाची नोंद हॅन्सार्डमध्ये, म्हणजे संसदेच्या कामकाजाच्या अधिकृत अहवालात, असते. पत्र पाठवण्याआधी ती स्वतः पाहून घ्या, म्हणजे उत्तर गोलमोल आलं तर दुसऱ्या पत्रात नेमकं काय विचारायचं ते तयार असेल.