मायक्रोकंट्रोलरवर मजकूर हाताळताना या चुका टाळा

मायक्रोकंट्रोलरचा (उपकरण चालवणाऱ्या छोट्या चिपचा) बोर्ड बंद पडत नाही, एलईडी लुकलुकत राहतो. पण काही दिवसांनी सर्व्हरला अर्धवट किंवा रिकामे संदेश जायला लागतात. रिसेट केलं की सगळं पूर्ववत. मग लोक अडॅप्टर बदलतात, वायरी बदलतात. त्याआधी रॅम तपासा.

अर्डुइनो उनो आर३ या बोर्डात रॅम असते २,०४८ बाइट. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा ओएलईडी पडदा जोडला, तर नेहमीच्या लायब्ररीचा डिस्प्ले बफरच (पडद्यावरचं चित्र साठवायची जागा) त्यातले १,०२४ खातो. वर `सिरियल.प्रिंट`मधली (संगणकाकडे मजकूर पाठवणाऱ्या आज्ञेतली) साधी वाक्यंही सुरुवातीलाच रॅममध्ये जाऊन बसतात. न बदलणारा मजकूर एफ() मॅक्रोत गुंडाळा. तो ३२ केबीच्या फ्लॅशमध्येच, म्हणजे प्रोग्रॅम साठवायच्या मेमरीतच राहील. दोन मिनिटांचं काम आहे, तरी बहुतेक जण टाळतात.

खरा घोळ स्ट्रिंग ऑब्जेक्टचा, म्हणजे गरजेप्रमाणे वाढणाऱ्या मजकुराचा. `+=` करत मजकूर वाढवला की जागा पुरत नाही, तो उचलून दुसरीकडे न्यावा लागतो आणि मागे भोक राहतं. हे दिवसभर चाललं की एकूण रॅम मोकळी दिसते, पण सलग तुकडा मिळत नाही. वाईट म्हणजे जागा न मिळाल्याची एररही येत नाही; जोडायचा मजकूर गुपचूप गळतो.

तरी ‘स्ट्रिंग वापरूच नका’ हा सल्ला मला टोकाचा वाटतो. सुरुवातीलाच रिझर्व्ह() करून (लागणारी जागा राखून) एकच ऑब्जेक्ट पुन्हा पुन्हा वापरा, फंक्शनला रेफरन्सने, म्हणजे नक्कल न करता द्या. उनोवर मात्र ठरावीक लांबीचा कॅरॅक्टर ॲरे (अक्षरांच्या ओळीने कप्पे) आणि त्यात मर्यादेत मजकूर भरणारं `एसएनप्रिंटएफ` हेच बरं. त्यात दशांश आकड्यासाठी `%एफ` दिलं तर आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह छापलं जातं. दशांशासाठी `डीटीओएसटीआरएफ` वापरा. मजकूर ॲरेत उतरवणाऱ्या `स्ट्रएनकॉपी`वर विसंबू नका: मजकूर ॲरेत मावला नाही तर ते शेवटचा शून्य बाइट (मजकूर संपल्याची खूण) टाकतच नाही. `स्ट्रएलकॉपी` टाकतं.

मराठी संदेश पाठवणाऱ्यांची आणखी एक फसगत. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, कानामात्रासुद्धा. ‘मोटार’ला १५ आणि शेवटच्या शून्याचा एक, म्हणजे १६ बाइट. दहा बाइटच्या ॲरेत तो कोंबला, तर शेजारचं व्हेरिएबल बिघडतं आणि चूक भलत्याच ओळीत शोधत बसावं लागतं.

ईएसपी८२६६ या वायफाय चिपवर `गेटफ्रीहीप` (एकूण मोकळी रॅम) आणि `गेटमॅक्सफ्रीब्लॉकसाइज` (सर्वांत मोठा सलग मोकळा तुकडा) दर तासाला छापा. पहिला आकडा स्थिर राहून दुसरा घटत गेला तर रॅमचे तुकडे पडताहेत. दोन्ही घटत असतील तर घेतलेली मेमरी कुठेतरी परत केलेली नाही, आणि तिथे रिझर्व्ह() काही कामाचं नाही.