झोप येत नाही म्हणून लवकर आडवे होताय? ही चूक टाळा

इंदूरला रामबागेत राहणारे आमचे काका निवृत्त झाल्यापासून एकच सांगायचे, "रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही गं." मी त्यांना आठवडाभर वहीत वेळा लिहायला लावल्या. रात्री ९ ला अंथरुणावर, सकाळी ७ ला बाहेर. त्यात झोप सरासरी साडेपाच तास, उरलेले साडेचार तास नुसती तळमळ.

मूळ चूक इथेच आहे. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं, तीच झोपेची भूक. भूक लागायच्या आधीच पानावर बसलं तर जेवण जाणार कसं? शिवाय रोज पलंगावर तळमळून मेंदूला तीच सवय लागते. म्हणूनच टीव्हीसमोर पेंगणारा माणूस उशीला डोकं टेकताच टक्क जागा होतो.

उपाय ऐकायला उलटा वाटतो: अंथरुणातला वेळ कमी करायचा. प्रत्यक्ष झोपेच्या सरासरी तासांत अर्धा तास मिळवा, तेवढाच वेळ अंथरुणात. काकांचे झाले ६ तास, म्हणून रात्री १२ ला झोपायचं आणि ६ ला उठायचंच, रात्र कशीही गेली तरी. हा वेळ साडेपाच तासांच्या खाली कधीच नेऊ नका. अंथरुणातला ८५ ते ९० टक्के वेळ झोपेत जाऊ लागला की दर आठवड्याला १५ मिनिटं वाढवा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. पहिले काही दिवस फार जड जातात, तेव्हा गाडी चालवू नका. फेफरं किंवा बायपोलर आजार असेल तर डॉक्टरांशिवाय हे करूच नका.

साधारण वीस मिनिटांत झोप लागली नाही तर उठा, पण घड्याळ बघून नव्हे, अंदाजाने. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा आणि डोळे मिटू लागले की परत या. मोबाइल नको. आणि "जागाच आहेस ना, चल सराफ्यात" म्हणत इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात ओढणाऱ्या मित्राला या दिवसांत नाही म्हणा. मध्यरात्रीचा गराडू (तळलेला मसालेदार कंद) आणि तिथला लख्ख उजेड, दोन्ही झोप लांबवतात. माळव्याची रात्र सुंदर असते हे मलाही मान्य आहे, पण ती महिनाभर थांबेल.

संध्याकाळचा चहा सोडा. त्यातलं निम्मं कॅफिन पाच-सहा तासांनीही अंगात असतं. दारूने झोप लागते, पण उत्तररात्री मोडते. पोहे-जिलेबीनंतरची रविवारची लांब डुलकीही सध्या नकोच.

आठवड्यातून तीन रात्री, तीन महिने असं चाललं तर तो जुनाट निद्रानाश. त्यावर गोळीआधी अशीच वर्तनोपचार पद्धत वापरावी, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. मात्र घोरताना श्वास अडकत असेल, पाय सतत हलवावेसे वाटत असतील किंवा मन फार खचलं असेल, तर आधी तपासणी करून घ्या. आणि झोपेची गोळी आधीच चालू असेल तर ती परस्पर बंद करू नका. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळूच कमी करायची असते.