सर्फिंग शिकताना बोटाचे हाड मोडल्यास काय करावे

नवशिक्याचे बोट मोडायला मोठी लाट लागत नाही. गोव्यातील मोरजी-आश्वेच्या किनाऱ्यावर कमरेएवढ्या पाण्यातून बोर्ड नेताना लीशचा (बोर्ड पायाला बांधून ठेवणाऱ्या दोरीचा) वेढा बोटांभोवती घेतलेला असला आणि फेसाळ लाटेने बोर्ड खेचला, तर वेढा क्षणात आवळतो आणि हाडाला पीळ बसतो. ‘बोट हलते, म्हणजे हाड शाबूत आहे’ ही समजूत फार घातक आहे. मोडलेले बोटही अनेकदा हलते.

पाण्याबाहेर येताच अंगठी काढावी, कारण सूज चढल्यावर ती निघत नाही. त्यानंतर जोर न लावता, सोसेल तितकीच मूठ मिटून ती दुसऱ्या हाताच्या मुठीशी ताडून पाहावी: सरळ असताना निर्दोष दिसणारे बोट मिटताना शेजारच्या बोटावर चढत असेल, तर हाड पिळून मोडले असण्याची दाट शक्यता असते आणि त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवणे आवश्यक ठरते. बोट बधिर, पांढरे वा निळसर पडले किंवा मोडल्या जागी जखम असली, तर जखम स्वच्छ पाण्याने धुऊन, झाकून तातडीने रुग्णालय गाठावे; तेथे धनुर्वाताच्या इंजेक्शनचीही चौकशी करावी.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा आणि हात छातीच्या वर धरावा. बोट सरळ असेल, तर मध्ये कापसाची घडी ठेवून ते शेजारच्या बोटाला, सांध्यांवर पट्टी येणार नाही अशा रीतीने, सैलसर बांधावे. वाकडे बोट मात्र ओढू नये, तेलाने चोळू नये. आहे त्याच स्थितीत पुठ्ठ्याचा आधार द्यावा.

एक्स-रे समोरून आणि बाजूने, फक्त त्या बोटाचा काढावा. पूर्ण पंजाच्या बाजूच्या चित्रात बोटे एकमेकांवर येतात. न सरकलेले, स्थिर हाड बहुधा ३ ते ४ आठवडे जोडपट्टीने, म्हणजे शेजारच्या बोटाला बांधून, सांभाळता येते, पिळलेल्या हाडाला मात्र अनेकदा ते जागेवर धरणारी तार घालावी लागते. टोकाचे पेर खाली लोंबत असेल, तर ते ६ ते ८ आठवडे अखंड सरळ ठेवावे लागते. हात धुताना एकदा वाकले तरी मोजणी पुन्हा सुरू होते. बाकीच्या बोटांचा व्यायाम पहिल्या दिवसापासून करावा, कारण गरजेपेक्षा जास्त काळ जखडलेले बोट कायमचे आखडू शकते.

तार असेपर्यंत समुद्रात उतरू नये. पूर्ण मूठ मिटू लागल्यावर आणि तळहातांवर भार देऊन उठताना दुखेनासे झाल्यावर, डॉक्टरांच्या संमतीनेच बोर्ड हाती घ्यावा, आणि तोही कडेने धरून, लीश बोटांना न गुंडाळता.