शॉकअप घरी बदलताय? या चुका टाळा

काळ्या मातीवरचा डांबरी रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात खचतो, आणि वरून हंगामभर उसाच्या ट्रॉल्या धावतात. लातूर-परभणी-बीड पट्ट्यात कारचे शॉकअप लवकर बसतात यात नवल काही नाही. घरी बदलायलाही हरकत नाही, मागचे तर तसे सोपेच असतात. पण दर वेळी त्याच चुका बघून आता वैताग आलाय.

पहिली पळवाट म्हणजे स्प्रिंगच्या वेढ्यात रबरी बफर बसवणं. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते. शॉकअपचं काम स्प्रिंगची उसळी जिरवणं. बफर घातल्यावर गाडी जरा उंच दिसते, उसळी तेवढीच राहते. अंगावर ऑइलचा पुसट ओलावा दिसला म्हणून लगेच शॉकअप काढू नका. ऑइल ओघळून खाली आलंय, कोपरा दाबून सोडला की गाडी दोन-तीनदा डोलते, टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखं खाल्लंय, तर मात्र बदला, आणि डावा-उजवा जोडीनंच बदला. जुन्यात ऑइल भरून 'नवा' करून देणारे भेटतात. मी त्या वाटेला जात नाही.

आता खरं दुखणं. बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं स्ट्रट असतो, म्हणजे शॉकअप आणि त्याच्याभोवती दाबून बसवलेली स्प्रिंग. पुढच्या एका चाकावर दोन-अडीचशे किलो वजन येतं, ते पेलणारी ही स्प्रिंग. स्ट्रट गाडीतून काढून ओसरीवर ठेवला तरी ती दाबलेलीच असते. ती धरून ठेवतो फक्त वरचा नट.

आमच्या ओळखीतल्या एका पोरानं असाच स्ट्रट गोठ्याच्या पत्र्याखाली उभा धरला होता. स्प्रिंग दाबायचा कंप्रेसर तालुक्यात भाड्यानं मिळत होता, पण तेवढा दम कुणाला? स्प्रिंगला बाइंडिंगची तार गुंडाळली आणि रिंग पाना लावला. मी म्हटलं, "काय करायलास रे? तार धरणार हाय का ती?"

"मामा, तिकडं मोंढ्यात असंच करायलेत सगळे."

मी पुढं होऊन पाना काढून घेणार, तेवढ्यात दुसऱ्या हातातली ॲलन की खाली पडली आणि ती उचलायला हा बाजूला वाकला. नट शेवटच्या आट्यांवर आला होता. आट्या सोलून नट सुटला, तार तुटली, आणि वरची वाटी माउंटिंगसकट पत्र्यावर आदळली. पत्रा बाहेरून फुगलेला दिसत होता. म्हशीनं दावं तोडलं. पोराचं तोंड मघाशी त्याच रेषेत होतं.

कंप्रेसरचे दोन्ही हुक समोरासमोर लावा, आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. स्प्रिंग आपल्या बैठकीत हातानं फिरायला लागली की मगच वरच्या नटाला हात लावा. कंप्रेसरवर नट आवळायची हवेची गन मी चालवू देत नाही. आणि स्ट्रटचं तोंड कुणाकडंही नको, तुमच्याकडंही नको. हे जमत नसेल तर स्ट्रट गाडीतून काढा आणि स्प्रिंग तेवढी गॅरेजवाल्याकडून नव्या शॉकअपवर चढवून आणा. त्यात कमीपणा नाही.

दुसरी चूक इतकी भयंकर नाही, पण पैसे हीच जास्त खाते. चाक लोंबकळत असताना मागच्या शॉकअपच्या बुशचे, म्हणजे टोकाच्या रबरी कड्यांचे, बोल्ट कचकचून आवळायचे. बुशचं रबर त्याच स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली आली की रबर पिळलं जातं आणि पिळलेलंच राहतं. थोड्याच दिवसांत कुरकुर सुरू, मग बुश फाटतो, आणि शिव्या खातो दुकानदार: "माल डुप्लिकेट दिला!" बोल्ट आधी हातानं बसवा, गाडी चाकांवर उतरवा, मग आवळा. खाली पाना फिरत नाही, म्हणून मी चाकांखाली जाड फळ्या सारतो. आवळायचे राहिलेले बोल्ट खडूनं पांढरे करून ठेवतो, आवळला की पुसतो. घाईची माणसं याला हसतात. त्यांच्याच गाड्या कुरकुरतात.

मागं आडवा दांडा आणि सुटी स्प्रिंग असेल तर दांड्याला जॅकचा आधार द्या आणि एका वेळी एकच शॉकअप सोडा. नाहीतर दांडा खाली येतो, ब्रेकची नळी ताणते, स्प्रिंग निसटते. मातीत जॅक लावू नका. ती वरून टणक दिसते आणि वजन आलं की बसते. फरशीवर लावला तरी घोडी, म्हणजे टेकूचा स्टँड, ठेवल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका. चमकदार रॉड पकडीनं धरू नका, ओरखडा पडला की सील गेलं. जुनंच फाटकं धूळरबर आणि स्टॉपर नव्या शॉकअपवर चढवू नका. गंजलेल्या बोल्टला आदल्या संध्याकाळी गंज सोडवायचा स्प्रे मारा, सकाळी हातोडा लागणार नाही.

पुढच्या स्ट्रटचे खालचे दोन बोल्ट काढायच्या आधी त्यांच्या जागेवर खूण करा. तरी चाकाचा कोन थोडा हलतोच, अलाइनमेंट करावीच लागते. पण त्याआधी सगळे बोल्ट गाडी चाकांवर असताना आवळून झालेले हवेत, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे दोनदा जातात.