सेरियम संयुगातील ऊर्जा-अंतर मोजताना झालेली गल्लत: माझा अनुभव
सेरियम, निकेल व कथिल यांच्या समप्रमाणातील संयुगात ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉनांसाठी अवस्था जवळपास नसलेला ऊर्जेचा पट्टा) 'व्ही' अक्षरासारखे असल्याने कथिल-११९ अणुकेंद्रांचा शिथिलन-दर (रेडिओ-स्पंदांनी विचलित केलेली अणुकेंद्रे मूळ स्थितीला परतण्याचा वेग) थंडीत तापमानाच्या घनाप्रमाणे घटतो आणि त्याहूनही कमी तापमानाला, अंतरात उरलेल्या इलेक्ट्रॉन-अवस्थांमुळे, तापमानाच्या सरळ प्रमाणात येतो. या दराचा माझा आलेख मात्र सर्वांत कमी तापमानाला चक्क सपाट झाला. आधी मी नमुन्यातील अशुद्धीला दोष दिला, तो उगाचच. कारण रेडिओ-स्पंदांची शक्ती निम्मी करताच दरही उतरला. संयुग विद्युतवाहक असल्याने स्पंदांमुळे आवर्त (भोवऱ्यासारखे फिरणारे) विद्युतप्रवाह निर्माण होऊन नमुना तापत होता, तापमापक मात्र बाहेरची थंडीच दाखवत होता. नमुना बारीक दळला, स्पंद सौम्य केले, दोन मापनांतील विराम शिथिलन-काळाच्या (दराच्या व्यस्ताच्या) पाचपट ठेवला. आलेखाच्या एका बिंदूला रात्र लागली, पण सपाटी गेली.