जूनमधील हामटा खिंड: बर्फ कडक असतानाच ओलांडावी

हिमाचलातील कुल्लू खोऱ्यातून लाहौलमध्ये उतरणारी, सुमारे ४,२७० मीटर उंचीची हामटा खिंड जूनच्या पूर्वार्धात ओलांडायची असेल, तर बालू का घेरा येथील मुक्काम पहाटे अंधारातच सोडावा. कारण रात्री गोठलेला बर्फ ऊन चढेपर्यंतच भार पेलतो आणि नंतर पाय गुडघ्यापर्यंत रुतू लागतात. या कडक बर्फावर सह्याद्रीतले भरवशाचे बूटही घसरतात, म्हणून त्यांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स (धातूचे दाते असलेल्या साखळ्या) जवळ ठेवावेत. चढताना बुटाच्या टोकाने ठोकर मारून पायरी करावी, उतरताना टाच रोवावी आणि वाटाड्याच्या पावलांतच पाऊल टाकावे. सर्वांत फसवा असतो तो ओढ्यावरचा बर्फाचा पूल: खालचे पाणी तो सतत पोखरत असते, त्यामुळे वरून भक्कम वाटला तरी मध्ये खोलगट किंवा राखाडी, ओलसर पट्टा दिसल्यास तो टाळावा. मोठ्या दगडांच्या कडेलाही बर्फ पोकळ असतो, कारण उन्हाने तापलेला दगड तो आतून वितळवतो. तिथे टेकायला जाण्याचा मोह आवरावा. गॉगल ढगाळ हवेतही उतरवू नये, फोटोसाठी तर नाहीच.