खातं गोठलं, वर धमक्याही येताहेत? तक्रार करताना या चुका टाळा

अनोळखी गिऱ्हाइकाने यूपीआयने दीड हजार दिले. ते पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतून फिरत आलेले निघाले. फसलेल्या माणसाने १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले तिथे होल्ड लागत गेला, म्हणजे पैसे अडवले गेले, आणि त्यात तुमचंही खातं सापडलं. किराणावाल्यापासून क्रिप्टो विकणाऱ्यापर्यंत अनेकांचं हेच होतं. काहींना वर धमक्याही येतात.

मग माणूस बँकेत जाऊन मॅनेजरशी भांडतो. भांडून उपयोग नाही. पोलिसांनी लावायला सांगितलेला होल्ड तो स्वतःच्या अधिकारात काढू शकत नाही. त्याच्याकडून माहिती घ्या, तीही लेखी: तक्रारीचा क्रमांक, कोणत्या राज्यातलं कोणतं पोलीस ठाणं, वादातली रक्कम किती, आणि तेवढीच अडवली आहे की सगळं खातंच बंद केलंय. शेवटचा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. दीड हजारापायी तीन लाख अडकले असतील, तर पहिली मागणी ‘वादातले तेवढे ठेवा, बाकीचे सोडा’ हीच करा.

बँक ३० दिवस गप्प राहिली तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण लोकपाल पोलिसांचा होल्ड उठवत नाही. बँकेच्या स्वतःच्या चुकीपुरताच त्याचा उपयोग. होल्डसाठी गाठायचं ते तपास अधिकाऱ्याला. बिलं, चॅट, स्टेटमेंट ईमेलने पाठवा, स्पीड पोस्टनेही पाठवा. तिथे हललं नाही तर वकिलामार्फत दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अडकलेले पैसे सोडवण्यासाठी अर्ज करता येतो.

मधेच ‘सायबर सेलमधून बोलतोय, वीस हजार टाका, खातं उघडतो’ असा फोन आला तर तो भामट्याचाच समजा. ठाण्याचा नंबर स्वतः शोधून खात्री करा.

सगळ्यात महागात पडतो तो खिचडी अर्ज. पंतप्रधान कार्यालय, रिझर्व्ह बँक, आयुक्त, सगळ्यांना एकच चार पानी पत्र: खातं उघडा आणि माझ्या जिवाला धोका आहे. बँक धोक्याचं काही करू शकत नाही, आणि ठाण्यातला हवालदार ‘बँक’ हा शब्द वाचून सायबरकडे बोट दाखवतो. धमकीची तक्रार वेगळी करा, जवळच्या ठाण्यात. ‘मला असुरक्षित वाटतं’ या वाक्यातून कुणाच्या हाती काही लागत नाही. कोण, कोणत्या नंबरवरून, किती वाजता, नेमके काय शब्द, हे लिहा. नुसत्या धमकीची बहुधा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात, आणि अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. धमकावून पैसे मागितले असतील तर ते वाक्य जसंच्या तसं अर्जात आलं पाहिजे, कारण खंडणीचा गुन्हा दखलपात्र आहे, त्याचा तपास पोलीस अशा आदेशाशिवाय करू शकतात. हद्दीचं कारण सांगितलं तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी फिर्याद, मागा; तरीही नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना लेखी कळवा. कुणी दारात येऊन उभं राहिलं तर अर्जबिर्ज नंतर, आधी ११२ वर पोलिसांना फोन.

भीतीपोटी धमकावणाऱ्याला दुसऱ्या खात्यातून पैसे देऊन टाकू नका. पैसेही जातात, होल्डही तसाच राहतो. आणि मनस्ताप नको म्हणून धमक्यांचे चॅट पुसू नका. स्क्रीनशॉट काढून मूळ मेसेजही फोनमध्ये तसेच राहू द्या.